मुंबईच्या सार्वजनिक बागा

मुंबई पाहून परतलेल्या माणसास गांवांतील लोक जे प्रश्न विचारतात ते बहुधा ठरलेले असतात. समुद्र केवढा आहे, इमारती किती उंच आहेत, आगगाडींत पाय ठेवावयास जागा मिळते कीं नाहीं, हे ते प्रश्न. तेथील बागा कशा आहेत असें सहसा कोणी विचारीत नाहीं, आणि पाहुणाही आपण होऊन सांगत नाहीं. याचें कारण उघड आहे. मारेगांव, वणी, पांढरकवडा या बाजूच्या माणसास हिरवा रंग पाहण्यासाठीं आगगाडींत सबंध रात्र काढण्याची गरज पडत नाहीं. श्रावणांत घराच्या पायरीवरून दिसणारें कपाशीचें शेत आणि रानांतला साग त्याला पुरेसा असतो. झाडें पाहण्यासाठीं मुंबईस जाणें म्हणजे त्याच्या मतें काशीस जाऊन गांवच्या विहिरीचें पाणी मागण्यासारखें आहे.

तथापि सार्वजनिक बाग ही केवळ झाडांची जागा नव्हे. आपल्या जुन्या नाटकांतून व काव्यांतून जें उद्यान येतें तें राजाचें असतें. तेथें राणी, तिच्या सख्या आणि फार तर विदूषक यांनाच प्रवेश. सामान्य प्रजेनें बागेच्या भिंतीबाहेरून जाई-जुईचा वास घ्यावा, एवढाच तिचा अधिकार. नागपूरचा महाराजबाग हें याचें आपल्या जवळचें उदाहरण होय. भोसल्यांची ती खाजगी बाग पुढें सर्वांस खुली झाली. नगरपालिकेनें लोकांच्या पैशानें बाग राखावी आणि जो कोणी येईल त्यास ती मोकळी असावी, ही कल्पना आपल्याकडे जेमतेम दीड-पावणेदोन शतकांची आहे. ज्याला स्वतःचें अंगण नाहीं त्याचें तें अंगण, हा सार्वजनिक बागेचा खरा अर्थ. आणि ज्यांना अंगण नाहीं अशीं माणसें मुंबईंत जितकीं आहेत तितकीं या देशांत दुसरीकडे क्वचितच सांपडतील. म्हणून बागेचें मोल समजून घ्यावयाचें तर तें मुंबईंतच समजून घेतलें पाहिजे.

मुंबईच्या बागांचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. यांतील फारच थोड्या बागा केवळ शोभेसाठीं निर्माण झाल्या आहेत. एकीचें मूळ तोफेंत आहे, दुसरीचें कापसांत, तिसरीचें पाण्यांत, चौथीचें रोगराईंत, तर आणखी एकीचें चक्क केरकचऱ्यांत. सात बेटें भर घालून जोडलेल्या या शहरांत जमिनीचा प्रत्येक तुकडा समुद्रापासून मिळवावा लागला. अशा ठिकाणीं मोकळी जागा मोकळी म्हणून राहते, ती कांहीं कारण घडलें म्हणून. आणि पुढेंही मोकळीच राहते, ती कोणीतरी तिच्यासाठीं भांडलें म्हणून.

प्रथम कापसाची बाग पाहूं. कोटांत, एशियाटिक सोसायटीच्या भव्य पायऱ्यांसमोर एक वर्तुळाकार बाग आहे. तिला हॉर्निमन सर्कल म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ही जागा बॉम्बे ग्रीन या नांवानें ओळखली जात असे, आणि तेथें कापसाच्या गांसड्यांचे ढीग पडलेले असत. १८४४ सालीं कापसाचा बाजार कुलाब्याकडे हलविण्यांत आला. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या लाटेंत मुंबईंत जो पैसा खेळला, त्याच काळांत या जागेभोंवतीं एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारतींचें वर्तुळ उभारण्याचें काम सुरू झालें व १८७२ च्या सुमारास तें पुरें होऊन मध्यभागीं बाग आली. आरंभीं तिला एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. स्वातंत्र्यानंतर तिला 'बॉम्बे क्रॉनिकल' चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचें नांव देण्यांत आलें. हे गृहस्थ इंग्रज असूनही हिंदी जनतेच्या बाजूनें लिहीत, आणि म्हणून १९१९ सालीं सरकारनें त्यांना हद्दपार केलें होतें.

विदर्भांतून येणाऱ्या पाहुण्यानें या बागेंतील बांकावर घटकाभर अवश्य बसावें. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ सालीं पोंचली. तेव्हांपासून वऱ्हाडच्या काळ्या मातींतला कापूस आगगाडीनें मुंबईच्या बंदराकडे वाहूं लागला. आज ज्याला यवतमाळ जिल्हा म्हणतात त्याचें नांव १९०५ पर्यंत वणी जिल्हा असें होतें. त्या मुलखांतील शेतकऱ्यानें वेंचलेल्या बोंडांनीं मुंबईच्या वैभवांत भर घातली आहे. पाहुणा येथें परका नाहीं, एवढें त्यानें मनांत ठेवावें.

आतां तोफेची बाग. हॉर्निमन सर्कलपासून पश्चिमेस थोडें चाललें कीं ओव्हल, क्रॉस आणि आझाद हीं मैदानें लागतात. इंग्रजांच्या किल्ल्याबाहेर तोफांच्या माऱ्याच्या आड कांहीं येऊं नये म्हणून मोठा पट्टा मोकळा ठेवलेला होता. त्यास एस्प्लनेड म्हणत. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत, १८६० नंतरच्या वर्षांत, किल्ल्याचे तट पाडण्यांत आले. पण मोकळ्या पट्ट्याचा कांहीं भाग शिल्लक राहिला. तोफा गेल्या आणि त्यांच्या जागीं क्रिकेट आलें. आझाद मैदानावर एकाच वेळीं इतके सामने चालू असतात कीं, एका संघाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या संघाच्या यष्टींजवळ उभा असल्यासारखा दिसतो. ज्याचा चेंडू त्यालाच कसा ओळखूं येतो हें नवख्यास कोडेंच वाटतें. याच मैदानाच्या भूमीवर १८५७ च्या ऑक्टोबरांत सय्यद हुसेन व मंगल गडिया या दोन शिपायांस तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. तेथील स्मारकापाशीं क्षणभर थांबल्यावांचून पुढें जाऊं नये.

ओव्हल मैदानाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या पूर्वेस उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई मनोरा या एकोणिसाव्या शतकांतील कमानदार इमारती. पश्चिमेस १९३० नंतर समुद्रांत भर घालून मिळविलेल्या जमिनीवरील गोलाईदार सज्जांचीं घरें. दोन शतकें समोरासमोर उभीं आहेत आणि मध्यें मैदान आहे म्हणूनच तीं एकमेकांस दिसतात. ३० जून २०१८ रोजीं युनेस्कोनें या इमारतींच्या समूहास जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. या सन्मानांत मैदानाचाही मोठा वाटा आहे. आणि हेंच मैदान १९९० नंतरच्या दशकांत इतकें दुर्लक्षित झालें होतें कीं, सायंकाळनंतर सभ्य माणसानें तिकडून जाऊं नये. आसपासच्या रहिवाशांनीं संघटना केली, न्यायालयाचें दार ठोठावलें, मैदानाची निगा आपल्या शिरावर घेतली, आणि तें पुन्हां माणसांत आणलें.

यानंतर राणीची बाग. मुंबईस जाऊन आलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या आठवणींत ही असतेच. भायखळ्याच्या स्थानकापासून पायीं जाण्याइतकी ती जवळ आहे. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि व उद्यान मंडळाची बाग आधीं शिवडीस होती. ती जागा दफनभूमीसाठीं घेण्यांत आल्यावर भायखळ्यास नवी बाग उठविण्यांत आली, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं लेडी फ्रिअर यांच्या हस्तें ती लोकांस खुली झाली. व्हिक्टोरिया राणीच्या नांवावरून लोक तिला राणीची बाग म्हणूं लागले. आतां तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. लोकांची राणीची बाग मात्र राणीचीच राहिली. जिजामाताही राजमाताच असल्यामुळें त्यांत विशेष बिघडलें असें म्हणतां येणार नाहीं.

या बागेचा मूळ हेतु प्राणी दाखविण्याचा नव्हता, वनस्पतींचा अभ्यास करण्याचा होता. सिंगापूरची प्रसिद्ध वनस्पतीबाग १८५९ सालची. म्हणजे दोघी जवळजवळ समवयस्क. सिंगापूरच्या बागेस २०१५ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. राणीच्या बागेंत देशोदेशींचीं शेंकडों जातींचीं झाडें आहेत, तरी तिच्याकडे येणारा पाहुणा बहुधा वाघ आणि हरणें विचारीत येतो. आफ्रिकेंतून आलेली गोरखचिंच येथें उभी आहे. तिचें खोड इतकें रुंद कीं, चार-सहा मुलांनीं हातांत हात घालून कडें करावें तेव्हां कोठें तें कवेंत यावें. या खोडांत ती पावसाचें पाणी सांठवून ठेवते आणि उन्हाळा काढते. ब्रह्मदेशांतून आलेली उर्वशी येथें आहे. तिचीं लाल फुलांचीं झुंबरें खालीं लोंबूं लागलीं म्हणजे नांव ठेवणाऱ्यानें विचार करूनच ठेवलें, असें म्हणावें लागतें. कैलासपतीच्या खोडालाच फुलें येतात, आणि फुलाच्या आंत शिवाच्या पिंडीवर नागफणी धरल्याचा भास होतो. शाळेंत वनस्पतिशास्त्राचे धडे पाठ करून जें डोक्यांत शिरत नाहीं, तें येथें एका सकाळींत डोळ्यांनीं शिरतें.

बागेच्या आवारांतच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवुड यांच्या खटपटीनें तें उभें राहिलें व २ मे १८७२ रोजीं खुलें झालें. मूळचें इंग्रजी नांव जाऊन त्याला भाऊ दाजींचें नांव १९७५ सालीं मिळालें. पुढें पुष्कळ वर्षें तें धूळ खात पडलें होतें. परंतु जीर्णोद्धार होऊन २००८ पासून तें पुन्हां मूळच्या तेजानें उभें आहे. बाहेर एक काळ्या दगडाचा हत्ती आहे. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. त्याच्यामुळेंच पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा हें नांव दिलें. १८६४ सालीं त्याला इंग्लंडास नेण्याचा प्रयत्न झाला, परंतु उचलतांना तो कोसळून फुटला. तुकडे मुंबईंतच राहिले, आणि १९१४ सालीं ते सांधून हत्ती या बागेंत उभा करण्यांत आला. मायभूमि सोडण्याऐवजीं अंगाचे तुकडे पत्करणारा असा स्वाभिमानी हत्ती विरळाच. त्याच्या सोबतीस एक घोडाही आहे. ज्या पुतळ्यावरून एका साऱ्या भागास काळा घोडा हें नांव पडलें, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीं मूळ जागेवरून काढून येथें ठेवण्यांत आला. पुतळा गेला तरी त्या भागाचें नांव गेलें नाहीं.

अलीकडे मुलांची धांव या सर्वांना ओलांडून पेंग्विन पक्ष्यांकडे असते. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणारे हे हम्बोल्ट जातीचे पक्षी २०१६ सालीं मुंबईस आणले गेले, आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांस पाहावयास मिळूं लागले. आलेल्यांपैकीं एक थोड्याच महिन्यांत दगावला, तेव्हां उष्ण देशांत थंड कोठडी बांधून परदेशी पक्षी ठेवावे कीं नाहीं, यावर पुष्कळ वाद झाला. तो वाद अजूनही मिटलेला नाहीं. परंतु त्याआधींचा एक वाद अधिक महत्त्वाचा होता. २००७ च्या सुमारास या बागेचें रूपांतर परदेशी धर्तीच्या भव्य प्राणिसंग्रहालयांत करावें, अशी योजना पुढें आली. जुन्या वृक्षांचें काय होणार, ही चिंता कांहीं नागरिकांस लागली. त्यांत भगिनींचा पुढाकार मोठा होता. त्यांनीं झाडांची नोंद केली, लेख लिहिले, लोकांस बागेंत नेऊन एकेक वृक्ष ओळखावयास शिकविलें. सरतेशेवटीं ती योजना मूळ स्वरूपांत अंमलांत आली नाहीं. शंभर-सव्वाशें वर्षांच्या वृक्षांस स्वतःचें तोंड नाहीं. त्यांच्या वतीनें कोणीतरी बोलावें लागतें.

पाण्याची बाग मलबार टेकडीवर आहे. तिला लोक हँगिंग गार्डन म्हणतात, आणि नवखा पाहुणा तेथें जाऊन लोंबती बाग कोठें आहे म्हणून वर पाहूं लागतो. वस्तुतः पाहावयाचें तें खालीं आहे. दक्षिण मुंबईस पाणी पुरविणाऱ्या प्रचंड जलाशयाच्या छपरावर माती पसरून १८८१ सालीं ही बाग केलेली आहे. म्हणजे फिरणारा माणूस हिरवळीवर चालत असतां त्याच्या पायांखालीं लाखों घरांचें पाणी सांठलेलें असतें. जलाशय झांकला गेला आणि लोकांस फिरावयास जागाही झाली. एका जागेचे दोन उपयोग करण्याची ही युक्ति जागेचा तुटवडा असलेल्या शहरालाच सुचावी. बागेस सर फिरोजशहा मेहता यांचें नांव आहे. मुंबईच्या नगरपालिकेचा १८८८ चा कायदा घडविण्यांत ज्यांचा मोठा हात, त्या पुरुषाचें नांव पाण्यावरच्या बागेस असणें यथायोग्यच होय. येथें झुडुपें कापून त्यांना प्राण्यांचे आकार दिले आहेत.

रस्त्यापलीकडे १९५२ सालचें कमला नेहरू उद्यान आहे. तेथील म्हातारीचा बूट ही मुलांची आवडती वस्तु. इंग्रजी बालगीतांतली एक म्हातारी बुटांत राहते, त्यावरून तो बांधलेला. मोठ्यांनीं मात्र कठड्यापाशीं उभें राहून गिरगांवची चौपाटी व मरीन ड्राइव्हची कमान पाहावी. २०२३ सालीं खालच्या जलाशयाची पुनर्बांधणी करण्याची योजना निघाली, आणि त्यासाठीं टेकडीवरचीं कित्येक झाडें जाणार असें कळतांच रहिवाशांनीं विरोध केला. तज्ज्ञांची समिति नेमावी लागली. पाणी हवें कीं झाड, असा तो प्रश्न दिसतो खरा; पण झाड राखून पाणी मिळविण्याचा मार्ग आधीं शोधावा, एवढेंच लोकांचें म्हणणें होतें. २०२५ सालीं याच टेकडीवर वृक्षांच्या माथ्याजवळून जाणारी एक उंच लाकडी वाट खुली झाली. दाट वस्तीच्या मुंबईंत पक्ष्यांच्या पातळीवरून चालण्याचा हा अनुभव दुर्मिळ आहे.

रोगराईंतून जन्मलेली बाग दादर-माटुंग्याच्या मध्यें आहे. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेगचा प्रवेश झाला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं तो प्रथम ओळखला. माणसें पटापट मेलीं, हजारों लोक शहर सोडून पळाले. अंधाऱ्या, कोंदट चाळींत रोग फैलावतो हें सरकारच्या ध्यानांत आलें, आणि १८९८ सालीं शहर सुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा शहराच्या पोटांत शिरावा म्हणून त्यानें रुंद रस्ते काढले आणि उत्तरेकडे नव्या वसाहती आंखल्या. त्या आंखणींतच पारशी वसाहतीजवळ पांच लहान बागांचा एक पुंजका सोडला. तोच फाइव्ह गार्डन्स. येथें पाहण्यासारखें म्हणून कांहींच नाहीं. पुतळे नाहींत, पेंग्विन नाहींत. सकाळीं म्हातारे फिरतात, दुपारीं विद्यार्थी सावलींत पुस्तक उघडून बसतात, सायंकाळीं आया मुलांस घेऊन येतात. घर आंखतांना जशी न्हाणीघराची जागा धरतात, तशी वसाहत आंखतांना श्वासाची जागा धरली पाहिजे, हें ज्ञान मुंबईनें फार मोठी किंमत देऊन विकत घेतलें आहे.

याच आंखणीच्या काळांत दादरच्या पश्चिमेस एक विस्तीर्ण मैदान निघालें. १९२५ सालीं तें लोकांस खुलें झालें तेव्हां त्याचें नांव माहीम पार्क होतें. शिवछत्रपतींच्या जन्मास तीनशें वर्षें झालीं असें मानून १९२७ सालीं उत्सव झाला, तेव्हां नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नानें त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. मैदानाभोंवतालचा कट्टा सुप्रसिद्ध आहे. तेथें बसून राजकारण, नाटक आणि क्रिकेट यांवर जेवढी चर्चा झाली असेल, तेवढी विधिमंडळांतही झाली नसेल. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनीं हें मैदान दुमदुमलें. रमाकांत आचरेकर यांच्या हाताखालीं सचिन तेंडुलकर याच मातींत तयार झाला. सभांच्या गोंगाटाविरुद्ध रहिवाशी न्यायालयांत गेले आणि २०१० सालीं हा भाग शांतता क्षेत्रांत धरला गेला. मैदान सभेचें कीं खेळाचें, हा वाद जुना आहे. तो चालू राहणें हेंही मैदान जिवंत असल्याचेंच लक्षण.

विदर्भाच्या दृष्टीनें मात्र शिवाजी पार्कचा एक दिवस सर्वांत मोठा. तो म्हणजे ६ डिसेंबर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें १९५६ सालीं महापरिनिर्वाण झालें आणि दादरच्या चौपाटीवर त्यांचे अंत्यसंस्कार झाले. तेव्हांपासून दरवर्षीं चैत्यभूमीवर लक्षावधि माणसें येतात. त्यांत नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ, वणी येथील कुटुंबें मोठ्या संख्येनें असतात. पांढरीं वस्त्रें नेसलेल्या आजी, खांद्यावर लेकरूं घेतलेला बाप, शिदोरीचें गांठोडें. या सर्वांना त्या रात्रीं निवारा देतें तें हेंच मैदान. मांडव पडतात, पाण्याची सोय होते, आणि पुस्तकांचीं दुकानें ओळीनें लागतात. प्रवासाचा खर्च जेमतेम जुळविलेलीं माणसें परततांना पिशवींत पुस्तकें घेऊन परततात. हॉटेलांत उतरण्याची ऐपत नसलेल्या पाहुण्यास हें महानगर एक रात्र आपल्या अंगणांत ठेवून घेतें. हें मैदान विकलें गेलें असतें, त्यावर इमले उठले असते, तर हीं माणसें कोठें टेकलीं असतीं? सार्वजनिक जागेचें महत्त्व सांगण्यास याहून निराळा पुरावा नको.

केरकचऱ्याची बाग धारावीजवळ, मिठी नदीच्या कांठीं आहे. जेथें वर्षानुवर्षें शहराचा कचरा पडत होता, त्या सुमारें ३७ एकर जागेवर माती टाकून झाडें लावण्यांत आलीं. १९८३ सालीं पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या हस्तें तेथें वृक्षारोपणास आरंभ झाला, आणि १९९४ सालीं महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून ती जागा लोकांस खुली झाली. आज तेथें इतकी दाट झाडी आहे कीं, खालीं काय पुरलें आहे याची शंकाही येत नाहीं. फुलपांखरें आणि पक्षी परत आले, त्यांना कोणी निमंत्रण धाडलें नव्हतें. आणि ज्यांच्यापाशीं वेळ असेल त्यांनीं बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पाहावें. १०४ चौरस किलोमीटरांचें हें जंगल महानगराच्या कुशींत आहे. त्यांत बिबटे आहेत, विहार व तुळशी हे तलाव आहेत, आणि कान्हेरीचीं शंभराहून अधिक बौद्ध लेणीं आहेत. टिपेश्वरचा वाघ ज्यांच्या शेजारीं राहतो त्यांना बिबट्याचें नवल नाहीं. पण दोन कोटींच्या उंबऱ्यावर बिबट्या नांदतो, याचें नवल त्यांनींही करावें.

आतां पाहुण्यांसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. मुंबईची दुपार ही बागेची वेळ नव्हे. हवा दमट असते, आणि विदर्भांतील कोरडें ऊन सोसणारा माणूसही तेथें घामानें हैराण होतो. सकाळीं लवकर राणीची बाग पाहावी, दुपारीं संग्रहालयाच्या सावलींत काढावी, आणि ऊन उतरतांच मलबार टेकडी गांठावी. समुद्रावरचा वारा त्याच वेळीं खेळूं लागतो. राणीची बाग व संग्रहालय बुधवारीं बंद असतात हें ध्यानांत ठेवावें, नाहींतर मुलांची निराशा होते. दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ सर्वांत बरा. पावसाळ्यांत झाडें सुंदर दिसतात, पण जुन्या फांद्या कोसळण्याचें भय असतें. एका दिवशीं दोनच बागा पाहाव्या. पांच पाहणाऱ्यास शेवटीं एकही आठवत नाहीं. आणि प्रत्येक बागेंत निदान एका झाडाचें नांव मुलांनीं पाठ करून यावें. शिदोरीचे कागद मागें ठेवूं नयेत, हें सुशिक्षित कुटुंबांस सांगण्याची पाळी यावी हें खेदाचें आहे. परंतु रविवारीं सायंकाळीं कोणत्याही बागेची हिरवळ पाहिली म्हणजे सांगणें भाग पडतें.

मुंबईच्या बागा अद्यापि पुऱ्या झाल्या नाहींत. २०२४ सालीं समुद्रकांठचा नवा रस्ता वाहतुकीस खुला होऊं लागला. त्यासाठीं समुद्रांत घातलेल्या भरावाच्या कांहीं भागावर, तसेंच महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या १२० एकर जमिनीवर मोठें सार्वजनिक उद्यान व्हावें, असें ठरलें. तें कसें होतें, कोणासाठीं होतें, आणि त्यांत झाडें किती व सिमेंट किती, हें पाहण्याचें काम आतां मुंबईकरांचें आहे.

पण हा प्रश्न एकट्या मुंबईकरांचा नाहीं. करंजी-वणी रस्त्यावरचें मारेगांव आज तालुक्याचें गांव आहे, तेथें नगरपंचायत आहे. रस्त्याच्या दुतर्फा घरें वाढत आहेत, शेतें अकृषिक होऊन त्यांचे भूखंड पडत आहेत. अशा गांवांत बागेची गोष्ट काढली कीं लोक हंसतात. सभोंवार एवढें रान असतां बाग कशाला, असें म्हणतात. मुंबईच्या भायखळा, परळ, माटुंगा भागांतील लोकही एके काळीं असेंच म्हणत असतील, कारण तेव्हां तेथेंही भातशेतें आणि ताडमाडांच्या वाड्या होत्या. रान दूर सरतें तें एका दिवसांत सरत नाहीं, म्हणून कळत नाहीं. आज जी एकर-दोन एकर जागा गांवठाणाजवळ राखून ठेवतां येईल, तिच्यासाठीं वीस वर्षांनीं न्यायालयांत जावें लागेल आणि तरीही ती मिळेल कीं नाहीं याची शाश्वति नाहीं. तोफ, कापूस, पाणी, प्लेग आणि कचरा यांनीं मुंबईस जागा मोकळी ठेवावयास लावली. लहान गांवांस इतक्या मोठ्या कारणांची वाट पाहण्याचें प्रयोजन नाहीं. त्यांनीं चार कडुलिंब, दोन वड, एक विहीर आणि म्हाताऱ्यांस बसावयास एक कट्टा एवढ्यापासून आरंभ केला तरी पुरे. जमीन अजून स्वस्त आहे आणि झाड लावण्यास आषाढाचा पहिला पाऊस दरवर्षीं येतो.